साडेदहा तासांची चूक

किसनमामा फोनवर मुलीच्या विमानाची फक्त निघण्याची वेळ ऐकून घेत. ती टोरंटोहून पोहोचण्याची वेळ सांगू लागली, की फोन कानापासून लांब धरून म्हणत, “ती म्या काढतो. बाईंनी शिकवलंय.”

त्या बाई म्हणजे मी. हडपसरच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाले. आमची सोसायटी जिथे उभी आहे, तिथे पूर्वी मामांचा मळा होता. नंतर ते माझ्या शेजारच्या सदनिकेत राहत. दर डिसेंबरात मुलगी यायची ठरली, की वही आणि सुताचा दोरा घेऊन माझ्याकडे येत आणि पृथ्वीगोलावर टोरंटो ते मुंबई दोरा ताणून धरत. तो ग्रीनलंडवरून जाताना पाहून दरवर्षी विचारत, “एवढ्या थंडीतनं कशाला?”

“मामा, गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तिचे विमान मात्र वाटेत थांबते, म्हणून वीस तास धरा.”

मग ते वहीत गणित मांडत आणि मी तपासून लाल शाईने बरोबरची खूण करी.

मला त्यांचा हेवा वाटे. माझा मुलगा हिंजवडीत राहतो. अंतर तीस किलोमीटर, वेळ गर्दीत दोन तास. साडेबारा हजार किलोमीटरवरून मुलगी येते आणि तिसांवरून मुलगा येत नाही, हे गणित मला सुटत नव्हते.

माझ्या पासष्टीच्या दिवशी मी दोन ताटे वाढून बसले होते. दुपारी दोनला मुलाचा फोन आला. “आई, आज जमत नाहीये गं. नेक्स्ट वीकेंडला नक्की.” मी ताटे झाकत होते, तेवढ्यात मामा वही घेऊन आले. विमान सकाळी दहाला निघणार, वीस तासांचा प्रवास, म्हणून मुंबईत सकाळी सहा. दोन देशांच्या घड्याळांतला साडेदहा तासांचा फरक मिळवायचा राहिला होता. मला ती चूक दिसली.

“बराबर हाय न्हवं?”

“बघितलं,” एवढेच म्हणून मी वही मिटली.

मामा सकाळी सहाला मुंबईच्या विमानतळावर हजर झाले. मुलगी उतरली दुपारी साडेचारला. परतल्यावर मला म्हणाले, “डोकं चालंना आता, बाई.” मी चहा टाकायला उठले.

यंदा जानेवारीत मामा कायमचे मुलीकडे निघाले. जाताना वही पुढे केली. या वेळी टोरंटोला पोहोचण्याची वेळ काढली होती आणि साडेदहा तास नीट वजा केलेले होते. मी लाल पेन उचलले.

“त्या साली तुम्ही खूण केली न्हवती,” ते म्हणाले. “विमानतळावर बसल्या बसल्या वही उघडली, तवा दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दोन ताटं झाकलेली बघितली व्हती, बाई. करा आता खूण. खाली गाडी उभी हाय.”

मी खूण केली. मामांनी ती डोळ्यांजवळ धरून निरखली आणि मगच वही पिशवीत ठेवली.