भारताची उरलेली मॅच

साखर कारखान्यामागं चिपाडाचा ढीग असतो बघा, गाळप संपलं तरी तो काही संपत नाही. आमच्या फुटबॉल टीमच्या किश्शांचं तसंच! सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं मी कोपरगावजवळच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो आणि टीममध्ये राइट आउट. किती मॅच जिंकलो ते विचारू नका. किस्से विचारा.

*

एकदा प्रॅक्टिसमध्ये बॉल थेट मळीच्या टाकीत गेला. काढला, धुतला, पुन्हा धुतला, पण चिकटपणा काही जाईना. दुसरा बॉल नव्हता. नगरहून मिलिटरीची टीम आली होती, तिच्याशी त्याच बॉलनं खेळलो. आमचा गोलकीपर दगडू, बॉयलरवरचा फायरमन. त्यानं बॉल जो पोटाशी धरला तो धरलाच!

रेफरी ओरडला, "अरे, बॉल छोडो!"

"सोडतुया की!" दगडू कळवळून म्हणाला, "त्योच सोडंना!"

*

फुटबॉल कारखान्यात आणला नायर साहेबांनी. इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मूळचे केरळचे. मराठी नुकतंच शिकत होते. त्यांनीच एक दिवस बातमी आणली. परदेशात भारताची मॅच आहे. ती जिंकली तरच मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. नॉकआउट!

"नॉकआउट म्हंजी?" दगडूनं विचारलं.

मी म्हणालो, "हरला की नारळ!"

नायर साहेब गंभीर झाले. "हे बरोबर नाही. आमच्या गावात नारळ जिंकणाऱ्याला देतात!"

*

मॅच आली ऐन गाळपात आणि दगडूची नेमकी सेकंड शिफ्ट. तो चीफ इंजिनिअर पाटणकर साहेबांसमोर उभा राहिला. साहेब कडक. सख्ख्या भावाच्या लग्नाला अर्धा दिवस देणारे!

"सुट्टी कशाला?"

"मॅच हाय सायेब. देशाची."

"तू खेळणार आहेस का?"

"न्हाई. पर एवढ्या लांब जाऊन ती पोरं खेळत्यात, कुणी ऐकाया नको व्हय?"

साहेबांनी फायलीतून मान वर केली. "एक तास. आणि मला येऊन स्कोअर सांगायचा."

*

कँटीनच्या रेडिओची तार लिंबाच्या शेंड्याला बांधली. कॉमेंट्री इंग्रजीत, वर खरखर. नायर साहेब मराठीत सांगत होते. भारतानं गोल मारला आणि साहेब जे मल्याळममध्ये घुसले ते परत येईनात!

मी म्हणालो, "साहेब, काही समजेना!"

दगडूनं मलाच गप्प केलं. "त्येंच्या हाताकडं बघ की! उजवा वर गेला की बॉल आपल्याकडं!"

पलीकडच्यांनी बरोबरी केली, तेव्हा ते दोन्ही हात असे उडाले की रेडिओ टेबलावरून खाली. गप्पच झाला!

*

तेवढ्यात दारात पाटणकर साहेब. तास कधीच उलटून गेला होता. आम्ही सगळे खांबासारखे उभे.

"स्कोअर?"

"एक-एक, साहेब," मी पुटपुटलो. "दहा मिनिटं राहिली होती. पण रेडिओ..."

नायर साहेब खाली बसून तुकडे गोळा करत होते. डोळ्यांत पाणी. मग दगडू पुढं झाला. "ऱ्हायलेली मॅच आपुन खेळू की! चला गिराऊंडवर!"

गेलो! पण पलीकडचे व्हायला कुणी तयार होईना. शेवटी पाटणकर साहेबांनी पँट दुमडली. "मी होतो." साहेब गेले म्हटल्यावर त्यांचे ओव्हरसीअर, फोरमनही निमूट तिकडं गेले.

काय खेळलो म्हणून सांगू! नायर साहेबांनी गोल मारला. भारत दोन-एक! मग शेवटी शेवटी पाटणकर साहेब एकटेच बॉल घेऊन सुटले आणि अशी लाथ घातली की बॉलबरोबर पायातला बूटही आला. दगडूनं झेप घेतली, बॉल छातीशी धरला. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. पाटणकर साहेब एका बुटात टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. भारत हरला होता. दोन-एक.

कँटीनमध्ये चहा गार झाला. दगडूनं विचारलं, "त्यो दुसरा गोल कवा झाला म्हनं?"

"अगदी शेवटी," मी वाचून सांगितलं. "गोलकीपरला चुकवून आत गेला."

दगडू ताडकन उठला. "पेपरवाल्याला कुनीतरी सांगा रं! आत गेला त्यो सायेबांचा बूट हुता!"