मामाचा डबा

पेपरच्या हापिसात बातम्या टिकत नाहीत. सकाळची बातमी संध्याकाळी भज्यांखाली जाते. किस्से मात्र तिथेच राहतात, कुणी झाडून काढत नाही. आम्ही जुने लोक अजून कधी एकत्र बसलो की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "सुनंदा, मामाचा डबा सांग." सगळ्यांना पाठ आहे, तरी सांग! मग मी सांगते. काय करणार, मलाही सांगायला आवडतं.

बीडला आमचं हापिस म्हणजे दोन खोल्या. संपादक अण्णा, शिपाई बबनराव आणि बातमीदार मी. बाकी माणसं येऊन-जाऊन. पण खरं सांगते, एवढ्याशा खोलीत मी जे बघितलं ते पुढं कुठं बघितलं नाही.

०

तेव्हा तालुक्याच्या वार्ताहरांची बातमी एसटीनं यायची. कंडक्टर पाकिटं आणायचा, बबनराव स्टँडवर जाऊन घ्यायचे. त्याच गाड्यांतून खेड्यांतल्या आया शहरात शिकणाऱ्या पोरांना डबे पाठवायच्या. त्या वर्षी दुष्काळ असा, की पाण्यावाचून खानावळी बंद पडल्या आणि डबे दुप्पट झाले. ड्रायव्हरच्या शेजारी डब्यांचा ढीग, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी. कुणाचा डबा कुठला हे कंडक्टर विचारत नसे.

एक दिवस पाकिटांबरोबर बबनरावांनी तीन पुडांचा स्टीलचा डबा आणला. चिंधीला चिठ्ठी टाचलेली, 'पेपरचं हापिस'. आष्टीकडच्या गाडीनं आला होता, एका फाट्यावर चढला, एवढंच कंडक्टरला माहीत.

वरच्या पुडात ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी. मधल्यात पिठलं. खालच्यात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत विद्यापीठाचे कागद. वर शिक्का, 'गोपनीय'. सोबत एक चिटोरं: "वाचा. उतरवून घ्या. पाचच्या गाडीनं परत."

कागद होते आबासाहेबांच्या कॉलेजच्या तपासणीचे. आबासाहेब म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आणि विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचे सदस्य. त्यांच्या कॉलेजच्या मैदानावर त्या वर्षी जनावरांची छावणी होती. ऊन वाढलं तसे चार बैल प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बांधले होते. विद्यापीठाची समिती आली, जेवली आणि लिहून गेली: 'प्राणिशास्त्र विभागात जिवंत नमुने उपलब्ध. समाधानकारक.'

त्या ओळीखाली कुणीतरी हळदीचं बोट ओढलं होतं, आम्ही चुकवू नये म्हणून.

अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली, उठले आणि डब्याला हात जोडले. चाळीस वर्षं पेपरात काढलेला माणूस, मंत्र्याला उठून उभा न राहणारा!

बातमी छापली. आठवड्यानं बबनराव खबर घेऊन आले की बैल आता तिथं नाहीत. मी म्हटलं, चला, सुधारणा झाली. बबनराव म्हणाले, "व्हय. फिजिक्समदी बांधलेत."

०

पहिल्याच दिवशी वाद झाला तो डबा परत पाठवण्यावरून. कागदांची झेरॉक्स झाली, कागद पिशवीत घातले, मी डबा बंद करायला लागले तर बबनराव आडवे आले.

"वरची पुडं रिकामी धाडता व्हय ताई? आपल्यात रिकामा डबा परत देत्यात का?"

मी म्हटलं, अहो, ही गुप्त कामगिरी आहे, हळदी-कुंकू नाही. पण बबनराव ऐकायला तयार नाहीत. शेवटी त्यांनी स्वतःच्या पिशवीतला गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे त्यात टाकले, तेव्हा कुठं झाकण लागलं.

पुढच्या खेपेला मला लई हुशारी सुचली. छापून आलेल्या बातमीचं कात्रण गुळाशेजारी ठेवलं, पाठवणाऱ्याला बरं वाटेल म्हणून. अण्णांनी ते काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "त्या माणसानं जीव धोक्यात घातलाय, आणि तू त्याच्या डब्यात पुरावा ठेवतेस?" तेव्हापासून डब्यात फक्त खायची वस्तू. कधी खारका, कधी डाळवं-मुरमुरे.

नाव घ्यायचं नाही म्हणून अण्णांनीच नाव पाडलं, मामा. "आज मामाचा डबा आलाय का?" असं स्टँडवर मोठ्यानं विचारलं तरी कुणाला काही वाटत नसे. बीडच्या स्टँडवर निम्मी पोरं मामाच्याच डब्यावर शिकत होती.

०

आमची खात्री होती की मामा म्हणजे विद्यापीठातला कुणीतरी मोठा अधिकारी, आष्टीकडचा. पण भाकरी करणारी मामी कोण, याचीच चर्चा जास्त. भाकरी कागदासारखी पातळ, आणि ती चटणी! जवसाच्या चटणीला आंबटपणा कुठून यावा? अण्णा म्हणायचे चिंच. मी म्हटलं, लिंबूसत्व. बबनरावांच्या बायकोनं महिनाभर घरी प्रयोग केले. शेवटी बबनरावच हात जोडून म्हणाले, "ते मामाचं मामालाच जमतंय. मला साधी चटणी द्या."

"बिचारी मामी," मी एकदा म्हणाले. "नवरा काय उद्योग करतोय, तिला पत्ताही नसेल. ती आपली मुकाट भाकरी थापतेय."

अण्णांनी मान हलवली. तिघांनाही मामीची फार कीव यायची.

०

एकदा डबा आला आणि दिवे गेलेले. परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद, त्यामुळे दिवे कधी येतील ते देवाला ठाऊक. झेरॉक्स बंद आणि कागद पाचला परत करायचे.

तो कागद मी दोनदा वाचला. व्यवस्थापन परिषदेपुढं येणारा ठराव होता. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या पोरांची हजेरी भरत नाही, म्हणून त्यांना त्या वर्षी परीक्षेला बसू द्यायचं नाही. आणि मागच्या पानावर आबासाहेबांच्या कॉलेजातली खास पोरं, वर्षभर पुण्यात राहणारी, हजेरी पूर्ण. तिथं हळदीचं बोट एवढं जोरात ओढलं होतं की कागद फाटायला आला होता.

आम्ही तिघंही लिहायला बसलो. बबनराव चौथीपर्यंत शिकलेले, एक एक अक्षर कोरत होते. अण्णांचं अक्षर अण्णांनाच लागत नाही, म्हणून त्यांनी वाचायचं काम घेतलं. घामानं कागद ओला होईल म्हणून हाताखाली फडकी घेतली. पाचच्या गाडीला डबा गेला.

बातमीनं जिल्हा पेटला. ठराव मागं घेतला. चकलांब्याची एक पोरगी उसाच्या फडातून थेट परीक्षेला आली, हातांना पाचटाचे चरे तसेच. पेपर सुटल्यावर ती हापिसात आली आणि म्हणाली, "ज्यांनी आमचं काम केलं त्यांना पाया पडायचंय." अण्णांनी तिला टेबलावर नुकताच आलेला डबा दाखवला. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती डब्याच्या पाया पडली. आम्ही कुणी हसलो नाही.

०

आता अण्णांचा घोळ. एकदा गडबडीत त्यांनी विद्यापीठाच्या कागदाऐवजी स्वतःच्या अग्रलेखाचं प्रूफ पिशवीत घातलं! दुसऱ्या दिवशी डबा आला, त्यात प्रूफ आणि चिटोरं: "हे तुमचं. आमचं धाडा. बैठक परवा." अग्रलेखाला कांद्याचा वास येत होता. बबनराव हळूच म्हणाले, पहिल्यांदाच तिखट झालाय.

पण अण्णांचा चेहरा उतरला होता. फाईलीतलं एक पान कमी दिसलं तर मामा संपला. डबा पुन्हा कंडक्टरच्या भरवशावर सोडायला ते तयार नव्हते. चिंधी बांधून डबा मांडीवर घेतला आणि स्वतः गाडीत बसले.

परत आल्यावर आम्ही दोघं त्यांच्या अंगावर धावलो. दिसला का मामा? कोण आहे?

अण्णा म्हणाले, "फाट्यावर उतरलो. लिंबाखालच्या दगडावर डबा ठेवला. समोरून बीडची गाडी येत होती, तिच्यात चढलो."

"आणि मागं नाही बघितलं?"

"चपलांचा आवाज आला. म्हणून तर नाही बघितलं."

जन्मभर दुसऱ्याच्या घरात डोकावायची नोकरी केलेला माणूस. समोर आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि मान वळवली नाही. आज म्हणते, माझ्याच्यानं झालं नसतं.

०

आबासाहेब खवळणार हे ठरलेलंच. त्यांनी गावाकडच्या बंगल्यावर पत्रकारांना बोलावलं. विद्यापीठानं चौकशी समिती नेमली होती आणि समितीचे अध्यक्ष कोण, तर आबासाहेबच. कागद सदस्यांना घरपोच जातात, तिथून फुटत असतील का, असं कुणीतरी विचारलं. आबासाहेब म्हणाले, "माझ्या घरातून सुई बी भाईर जात न्हाई. हे विद्यापीठाच्या हापिसातलं काम हाय."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. आबासाहेबांची बायको, डोक्यावर पदर, नजर खाली. सगळ्यांना चहा दिला. माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "लई वाळलीस ग पोरी. जेवत जा येळेवर." आणि आत गेल्या.

आठ दिवसांत आळ आला विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या रफिकभाईंवर. कारण काय, तर ते माझ्याशी बोलताना दिसले होते! अहो, रफिकभाई इतके नियमाचे की मी किती वाजले विचारलं तर म्हणायचे, अर्ज करा. निवृत्ती तोंडावर आलेली, धाकट्या पोरीचं लग्न ठरलेलं. बडतर्फ झाले असते तर पेन्शनही गेली असती. तीन दिवस अण्णा जेवले नाहीत. खरं नाव आम्हालाच माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी सांगता आलं नसतं. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारायचं. डब्यातून निरोप पाठवावा, तर आमचाच नियम आडवा.

०

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, नुकताच डबा आलेला, टेबलावर तसाच. दारात जीप थांबली आणि आबासाहेब स्वतः आत आले, एकटे.

बसले. खिशातून कागद काढून अण्णांसमोर धरला. रफिकभाईंच्या बडतर्फीचा आदेश, सगळा टाइप केलेला.

"माझी सही तेवढी राहिली हाय. हाच माणूस हाय का सांगा. न्हाई तर दुसऱ्याचं नाव सांगा. दोन्ही न्हाई सांगितलं तर मी हितंच सही करतो."

अण्णा म्हणाले, "हा नाही. आणि दुसरं नाव माझ्याकडं नाही."

आबासाहेबांनी पेन काढलं.

आता बघा माणसाची सवय काय असते! जेवणाच्या वेळी दारात आलेला माणूस न जेवता जाता कामा नये, एवढंच बबनरावांच्या रक्तात. त्यांनी डबा उघडला, ताटलीत भाकरी ठेवली, शेजारी चटणी, आणि ताटली आबासाहेबांपुढं सरकवली. मामाच्या डब्यातली! खालच्या पुडात त्यांच्याच परिषदेचे कागद! अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"दोन घास खा आन् मग काय करायचं ते करा, साहेब," बबनराव म्हणाले.

अन्नाला नाही म्हणायची पद्धत आबासाहेबांकडेही नव्हती. पेन बाजूला ठेवून त्यांनी घास तोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला.

चावता चावता थांबले.

पुन्हा एक घास घेतला, नुसत्या चटणीचा. मग ताटलीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, चिंधीकडं बघितलं. चिंधी हिरवी होती, जुन्या लुगड्याची, बारीक बुट्ट्यांची. ती त्यांनी दोन बोटांत धरली.

"आंबाडीची बोंडं," ते म्हणाले. "वाळवून कुटून घालायची. माझी आई घालायची."

बबनरावांनी पाण्याचा पेला पुढं ठेवला.

"मरताना सुनेला शिकवून गेली."

मग ते जेवले. सावकाश, दोन्ही भाकरी, पिठलंसुद्धा. ताटली पुसून घेतली. उठून मोरीवर गेले, आणि हात धुता धुता डब्याची वरची दोन पुडं स्वतः विसळली. पाण्याचा एवढा दुष्काळ, तांब्याभर पाण्यात लख्ख केली.

परत येऊन खालचं पूड ओढलं. आत प्लास्टिकची पिशवी होती, वर चिटोरं, 'उतरवून घ्या. पाचच्या गाडीनं परत.' तिला हात लावला नाही. टेबलावरचा आदेश उचलला, बिनसहीचा, चार घड्या घातल्या आणि पिशवीवर ठेवला. वर दोन्ही पुडं चढवली, कडी लावली, चिंधीची गाठ मारली.

डबा बबनरावांच्या हातात देऊन म्हणाले, "रिकामा धाडू नये. पाचची गाडी चुकवू नका."