वारा जाऊ दे

माझी शाळा आठवीला सुटली. तेवढ्या शिक्षणावर सैन्याने मला ट्रेड्समन म्हणून घेतलं, याचे उपकार मी आजही मानतो. गाव पोलादपूरच्या डोंगरात. पोस्टिंग आलं लडाखला.

तिथं माझी ड्युटी फायर पॉइंटवर, म्हणजे आग विझवायच्या चौकीवर लागली. रेशन आणि गरम कपड्यांचं एक मोठं स्टोअर होतं. हिवाळ्यात रस्ता बंद व्हायचा आणि बर्फ वितळेपर्यंत आख्खी पोस्ट त्या स्टोअरवर जगायची. त्याच्या छताला स्प्रिंकलर होते, पण पाईपात पाणी नव्हतं.

फायर पॉइंटचे हवालदार सकपाळ आपल्याच भागातले, वरंधचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. पहिल्याच दिवशी विचारलं, "उस्ताद, पाईप रिकामे कसे?"

"रिकामे नाय. वारा भरलाय. पाणी भरलं तर गोठून पाईप फुटंल. वाऱ्याच्या दाबानं व्हॉल्व्ह मिटलेला ऱ्हातो. आग लागली की वरचं तोंड उघडतं, वारा निघून जातो, मागनं पाणी येतं."

"आमच्याकडं झऱ्याच्या पाईपात वारा धरला तर पाणीच येत नाय."

"आमच्याकडं काय वेगळं हाय? तिकडं वारा वैरी, हितं वारा पहाऱ्यावरला संत्री. गावची अक्कल हितं चालवू नको."

रोज रोल कॉल झाला की व्हॉल्व्ह रूममध्ये जायचं. ती खोली हीटरने गरम ठेवलेली असे, कारण पाणी तिथपर्यंतच होतं. प्रेशरचा काटा बघायचा. मग स्टोअरमध्ये जाऊन पाईपांच्या खालच्या टोकांना बसवलेल्या लोट्या उघडायच्या. वाऱ्यातला ओलावा त्यांच्यात साठतो. तो काढला नाही तर बर्फ होऊन पाईप बंद. माझा स्वभाव काळजीचा. लोटी बंद केली तरी परत जाऊन बघायचो, काटा तर दहादा बघायचो. उस्ताद म्हणायचे, "नजर लागंल रे त्याला."

जानेवारीतली दुपार. स्टोअरमन बलबीर मागच्या कोपऱ्यात कामाला होता. तिथल्या बुखारीची, ऊब देणाऱ्या शेगडीची, रॉकेलची नळी गळली आणि तिनं पेट घेतला. मी व्हॉल्व्ह रूममध्ये होतो. काटा पडायला लागला. वायरलेस सेटवर उस्ताद बोलले, स्टोअरच्या दारातून.

"सुरेश, काटा?"

"पडतोय, उस्ताद."

"पाणी सुटलं?"

"नाय अजून."

मध्येच सेटवर पोस्टच्या कॅप्टन साहेबांचा आवाज आला, "पानी कब आएगा?" व्हॉल्व्हखाली पाणी बाहेर सोडायचा ड्रेनचा कॉक होता. गावाकडे पाईपात वारा धरला की आपण सांधा सैल करतो. माझा हात आपोआप तिकडे गेला. कॉक उघडला असता तर स्टोअरचं पाणी माझ्या पायाशी सांडलं असतं.

"कशाला हात लावू नको," सेटवर उस्ताद म्हणाले. आपल्याकडच्या माणसाचा हात कुठं जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. "वारा जाऊ दे. थांब."

मी हात मागे घेतला. त्यानंतर त्यांचा सेट गप्प झाला. बलबीर अजून आतच होता. उस्ताद ओलं ब्लँकेट अंगावर घेऊन आत गेले होते.

मग व्हॉल्व्ह धाडकन उघडला आणि पाणी धावलं. एकाही वळणावर बर्फ नव्हता. मागचा रॅक जळाला, बाकी स्टोअर वाचलं. बलबीर दारात सापडला, खोकत होता. उस्तादांनी त्याला तिथवर ढकललं होतं. ते स्वतः दोन पावलं मागे पडले होते, स्प्रिंकलरच्या पाण्याखाली. डॉक्टर साहेबांनी खूप केलं. छातीत धूर गेला होता.

उस्ताद एमआय रूममध्ये, पोस्टच्या दवाखान्यात होते आणि आम्ही पाईप रिकामे करत होतो. भिजलेले पाईप गोठले असते तर पुढच्या आगीला काहीच उरलं नसतं. सगळ्या लोट्या मी उघडल्या. दाब भरून काटा जागेवर आला, तेव्हा कॅप्टन साहेब आत आले आणि टोपी काढून उभे राहिले. मला कळलं.

आता मी सैन्यातून रिटायर होऊन घरापासून लांब, एका कोल्ड स्टोरेजमध्ये हेच काम करतो. सुट्टीला आलो की महाडला एसटी बदलून वरंधला उस्तादांच्या घरी, वैनींना भेटायला जातो. गेल्या खेपेला वैनींच्या अंगणात हात धुवायला नळ सोडला. नळ नुसताच फुसफुसला.

"वारा धरलाय," वैनी आतून म्हणाल्या. "जाऊ दे त्याला. थांब जरा."

मी नळापाशी उभा राहिलो. पाणी आलं, तेव्हा हात पुढे केला.