पहिला नंबर एकोणीसच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनासुद्धा नाही, आणि ह्यांच्यापासून एरवी मी फक्त साड्यांच्या किमती लपवल्या.

तेव्हा मी बेलापूरच्या एका ऑफिसात प्रोग्रामर होते. नेरूळच्या आमच्या सोसायटीत घरी कंप्युटर असलेली मी एकटीच — मग नाक कुठे असणार माझं? थेट गच्चीवर! छपराखाली गाडीची एकच जागा, दर वर्षी एका घराला. डब्यातल्या चिठ्ठ्यांवरून भांडणं व्हायची. मी ऐटीत म्हणाले, "कंप्युटर काढेल नंबर." तळमजल्यावरच्या म्हात्र्यांनी ती जागा मागितली होती, एक पाय अधू, तीनचाकी स्कूटर. "नियम म्हणजे नियम," असं मीच त्यांना बजावलं.

आता — कसं सांगू? कंप्युटर काही मनाने नंबर काढत नाही हो. तो ठरलेल्या आकड्यापासून गणित सुरू करतो. ती सुरुवात दर वेळी बदलायला घड्याळातली वेळ द्यावी लागते. एक ओळ, बस. ती नसली, तर प्रोग्राम चालू केला की पहिला नंबर दर वेळी तोच. आमच्याकडे एकोणीस. मी दहादा करून पाहिलं — एकोणीसच!

ती ओळ मी घातली नाही. आणि चोवीस घरांची यादी टाइप करताना एकोणीसवर कुणाचं नाव बसलं असेल?

टाळ्या पडल्या. वर्षभर त्या जागेत माझी नवी स्कूटर कव्हर घालून उभी — बाईसाहेबांना चालवता कुठे येत होती! म्हात्रे गेटपाशी ओली सीट फडक्याने पुसायचे. मी गॅलरीतून बघायचे. रोज. चहा पीत.

पुढच्या वर्षी मन खाऊ लागलं. मग तेव्हा तरी ओळ घातली? छे! एकोणीसवर म्हात्र्यांना बसवलं. ते पेढे घेऊन आले — नशीब उघडलं म्हणून. मी दोन खाल्ले.

परवा, इतक्या वर्षांनी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या जागेसाठी कुणीतरी पुन्हा चिठ्ठ्यांचं काढलं. म्हात्र्यांनी काठी आपटली, "चिठ्ठ्या कशाला? वहिनींसारका कंप्युटर लावा. त्याला कोन आपला न् कोन परका, कलत नाय!"

सगळे हसले. मीही हसले, अगदी पदर तोंडाला लावून.

ती ओळ मला तेव्हाही येत होती.