रंगनाथ पोळचा खरा शून्य

दुपारी जेवणानंतर डोळा लागता लागता खरवंडीकरांना अकरा वर्षांपूर्वीचं एक पत्र हटकून आठवतं. निळं आंतर्देशीय, शाळकरी वळणाचं अक्षर. 'काका, एवढंच सांगा. त्या दिवशी बाबांनी नळीत फुंकलं होतं का?' खाली सही, वैजयंता रंगनाथ पोळ. उत्तराला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण खरवंडीकर सदा पुस्तकात तोंड घालून बसणारा माणूस. लिहिण्याआधी दहादा विचार करायचा आणि मग लिहायचाच नाही.

आजही पुस्तक छातीवर उपडं पडतं. पंख्याची घरघर जड होते, डिझेल गाडीची होते. समोर घाटपायथ्याच्या तपासणी नाक्याची खिडकी आहे. राज्य महामार्गानं घाट चढणाऱ्या प्रत्येक जड गाडीच्या चालकानं इथं उतरून यंत्राच्या नळीत फुंकायचं. प्यायलेला असेल तर यंत्र आकडा दाखवतं, नसेल तर शून्य. जे दिसेल ते कारकून खरवंडीकरांनी वहीत लिहायचं, असा नियम. खिडकीत दुधाच्या टँकरवरचा रंगनाथ पोळ उभा आहे. त्याच्या चपलांतून पाणी निथळतंय. तो वारला आहे हे खरवंडीकरांना ठाऊक आहे, पण तोंडावर तसं म्हणणं बरं दिसत नाही.

"मास्तर, कितव्या पानावर?" पोळ त्यांना मास्तरच म्हणतो. ते कधीच मास्तर नव्हते.

"शेवटचं प्रकरण चाललंय."

"चौदा वर्षं या नाक्यावरून जायचो, तेव्हापासून शेवटचंच चाललंय. नळी द्या."

"जा रे, तुझा शून्यच असतो."

"तुमच्याकडं सगळ्यांचाच शून्य असतो की. तो वाळूवाला भिकू खांबाला धरून उतरायचा, त्याचाही शून्य. मला फुंकू द्या. माझा तरी खरा लागू दे."

खरवंडीकर नळी द्यायला हात पुढे करतात, तर हात टँकरच्या दारावर पडतो. दोघं केबिनमध्ये बसलेत. घाट चढतोय. कठड्याच्या जागी पुस्तकांची कपाटं उभी आहेत आणि त्यांच्या फटींतून खालची नदी दिसते.

"त्या दिवशी फुंकलं मी," पोळ सांगतो. "तुम्ही पान मुडपून ठेवलंत, चष्मा पुसलात, आकडा दोनदा पाहिलात."

"हो. शून्य होता."

"पुढं ब्रेक लागेनात. वळणावर गाडीची वाट बघत दोन बायका उभ्या होत्या. त्या गेल्या. मी तिसऱ्या दिवशी नदीत सापडलो, तपासावं असं काही उरलं नव्हतं. मालक म्हणाला, ब्रेक नवे होते. गाव म्हणालं, प्यायला असणार. पोरगी दारुड्याची झाली."

वळण घेऊन टँकर थेट चौकशीच्या खोलीत शिरतो. टेबलावर वही उघडी आहे. पानभर शून्यं, एकाच हातची, एकाच दमात काढलेली. साहेबांची खुर्ची रिकामी आहे, तरी तिच्यातून आवाज येतो. "रंगनाथ पोळनं फुंकलं होतं?"

खरवंडीकरांना त्यामागचा प्रश्नही दिसतोय. आणि बाकीच्यांनी? निवृत्तीला सात महिने उरलेत.

"आठवत नाही," ते म्हणतात. तेव्हाही हेच म्हणाले होते.

पोळ बाकावर बसून ऐकतो. तो रागावत नाही, आणि तेच खरवंडीकरांना सोसत नाही.

"मला वाटलेलं, कुणी नाही तरी मास्तर सांगतील," तो म्हणतो. "घरी जेवताना नेहमी म्हणायचो, नाक्यावर आपला एक माणूस आहे. पोरीच्या ध्यानात राहिलं. म्हणून तिनं दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हाला लिहिलं."

"घाबरलो रे मी."

"असाल." पोळ खिशातून नळी काढतो. "आता तुम्ही फुंका."

"मी? अरे, मी कधी थेंबसुद्धा..."

"मीही कधी घेतली नव्हती. फुंका, मास्तर. जोर लावा, पान उलटल्यासारखं नको."

खरवंडीकर फुंकतात. छाती दुखेपर्यंत फुंकतात. पोळ यंत्र उजेडाकडे धरतो.

"शून्य," तो म्हणतो. "म्हणजे चौकशीत पूर्ण शुद्धीत होतात तुम्ही. मी उगाच इतकी वर्षं तुमच्या बाजूनं काहीतरी सबब शोधत बसलो."

खरवंडीकर उठून बसतात. ओठ हुळहुळतोय. आरशात पाहतात तर खालच्या ओठावर नळीच्या तोंडाएवढा गोल वण आहे. बोटानं चोळतात, जात नाही.

आज ते आधी कच्चं लिहीत बसत नाहीत, वैजयंताला थेट पत्रच लिहितात. 'तुमच्या वडिलांनी फुंकलं होतं. शून्य आला. मी स्वतः दोनदा पाहिला. इतरांना मी फुंकायला न लावता शून्य लिहीत होतो. ते उघडं पडेल म्हणून चौकशीत खोटं बोललो. हे पत्र हवं त्याला दाखवा.' पत्ता अकरा वर्षांपूर्वीचा आहे. पत्र पोचेल की नाही, कुणास ठाऊक.

पोस्टातली बाई रजिस्टरचं पाकीट हातात घेऊन विचारते, "आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव? मोठ्यानं सांगा."

"दिगंबर खरवंडीकर." रांगेतली दोन माणसं बघतात.

"आणि नावापुढं हे काय? 'नाक्याचा कारकून'? नुसतं नाव पुरतं."

"राहू दे," खरवंडीकर म्हणतात, आणि आपला आवाज चढलेला त्यांनाच ऐकू येतो. "त्याशिवाय तिला मी कोण ते कळणार नाही."

बाई शिक्का मारते आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकते.