आधी पाणी

सुलोचना गेल्याची बातमी मला खरं तर शेजारच्या गल्लीतून यायला हवी होती. ती आली ऑस्ट्रेलियातून. सकाळी मी भाकरी थापत होते आणि फोनवर आमच्या मोहिमेतली मेघा रडत होती. "कांताआजी, सुलूआजी गेली..." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस पोरी, काल संध्याकाळी तर तिनं मला वेडी म्हटलं!" तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी अनवाणी धावत सुटले. मुकुंदवाडीत तिचं घर माझ्या घराच्या पलीकडच्याच गल्लीत. तिच्या मुलानं पहाटे मोहिमेच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणाऱ्या माझ्यासारखीच्या आधी त्या साऱ्या जगाला कळल्या. आज महिना होऊन गेला, तरी त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. उभ्या आयुष्याची मैत्रीण, आणि ती गेल्याचं मला सगळ्यांत शेवटी कळावं?

आमची गाठ पडली ती चिकलठाण्याच्या एका औषधांच्या कंपनीत. तेव्हाच्या औरंगाबादेत जालना रोडला सारख्या नव्या शेड उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरी पहिल्यांदाच गेटावर पंचिंग करून कामाला लागत होत्या. मी पाचोडची, मेंढरांमागं वाढलेली. ती लासूर स्टेशनची, बाप मोंढ्यात हमाल. पॅकिंगच्या पट्ट्यावर आम्ही समोरासमोर बसायचो. विद्यापीठाच्या नावाचा लढा चालू होता. दंगलीत सुलोचनाच्या मामाचं घर जाळलं गेलं होतं आणि मामाची पोरं शाळा सोडून तिच्या एका खोलीत येऊन राहिली होती. अशी पोरं तिच्या वस्तीत घरोघर होती. एकदा डब्याच्या सुट्टीत ती म्हणाली, "कांते, माणसानं सालात एक रोज द्यायचा. एका दिवसाची मजुरी. जास्त नाय. त्यातून ह्या पोरांच्या शाळेचं बघू." तिथंच मोहिमेचं नाव पडलं... 'एक रोज'. तिला ना ऑफिस होतं, ना अध्यक्ष, ना कुणाला पगार.

नियम मात्र होते, आणि ते सुलोचनाचे असल्यामुळे ब्रह्मदेवाच्या बापालाही बदलता येत नव्हते. वर्षातल्या एका ठरलेल्या दिवशी दारोदार दोघांनी मिळून जायचं, आणि ते दोघं एका जातीचे नसावेत. दारात गेल्यावर पैशाचं नाव काढायचं नाही. आधी पाणी मागायचं. दोघांनी पाणी प्यायचं आणि मगच मोहिमेचं बोलायचं. ज्या घरात दोघांना सारखं पाणी मिळणार नाही, तिथला पैसा घ्यायचा नाही. मला वाटलं, ही पोरगी मोहीम सुरू करतेय की बुडवतेय? पण तिच्याबरोबर पहिली जोडी माझीच लागली.

कामगारांच्या वसाहतीत पिवळ्या दाराचं एक घर होतं. तिथल्या काकूंनी आमची आडनावं विचारली. मला पेल्यात पाणी दिलं आणि सुलोचनाला म्हणाल्या, "हात पुढं कर गं." ओंजळीत वरून ओतणार होत्या. सुलोचनानं हात मागं घेतले. अगदी शांतपणे म्हणाली, "राहू द्या काकू, आता तहान नाय. पुढल्या साली येतो." काकूंचे मालक आतून नोट घेऊन आले, भली मोठी. "अहो, चांगल्या कामाला देतोय, घेऊन तरी जा!" तर ही म्हणते, "दादा, पुढल्या सालीच घेऊ." मी माझा भरलेला पेला तसाच ओट्यावर ठेवला आणि तिच्यामागं निघाले. रस्त्यात मात्र मी तिला फैलावर घेतलं. "तेवढ्यात एका पोराचं सालभर भागलं असतं!" ती म्हणाली, "भागलं असतं की. पण ते पोरगं मोठं होऊन मला इचारील, हे कुठून आणलं व्हतं, तवा मी काय सांगू?" मी घरापर्यंत फुगूनच चालले.

माझ्या आईकडंही तिला पाचोडला नेलं होतं. आईनं पाण्याचा तांब्या दिला, आणि वर शेळीच्या दुधाचा चहा. सुलोचनाला त्या दुधाचा वास अजिबात सोसायचा नाही. पण आई समोर बसलेली, म्हणून तिनं श्वास रोखून पेला रिकामा केला. "तुमच्या लोकांत शिरायचं म्हंजी लई सोसावं लागतंय," असं ती पुढं मला वर्षानुवर्षं चिडवायची.

पिवळ्या दारापुढं आम्ही दरसाल उभ्या राहिलो. दरसाल एक पेला आणि एक ओंजळ. दरसाल ती हसून म्हणायची, "पुढल्या साली येतो." मी म्हणायचे, बाई, ते दार सोड आता, गावात काय दारं कमी आहेत? ती ऐकायची नाही. तिला त्या काकूंचा राग आलाय असं मला कधीच दिसलं नाही, आणि हीच तिची गोष्ट मला जन्मभर जमली नाही. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा कंपनीत कुणीतरी तिला म्हणालं, झालं ना आता मनासारखं, आता कशाला हिंडता? ती म्हणाली, "नाव कमानीवर लागलं. घरातलं पाणी ऱ्हायलंय अजून." त्यानंतरच्याच एका उन्हाळ्यात पिवळं दार उघडलं, आणि काकू ताटात दोन पेले घेऊन बाहेर आल्या. सुलोचनानं पेला एका दमात संपवला आणि परत पुढं केला. "अजून द्या काकू, लई ऊन हाय." काकूंनी पदराची गाठ सोडून आपला रोज दिला. निघताना सुलोचना म्हणाली, "आता तुम्ही या आमच्याकडं पाणी प्यायला." "येईन कधीतरी," काकू म्हणाल्या. त्या कधी आल्या नाहीत.

मोहिमेच्या पैशावर शिकलेली पोरं पुढं आखातात गेली, अमेरिकेत गेली, आणि जाताना ही खोडही घेऊन गेली. जिथं जातील तिथं वर्षातला तोच दिवस धरायचा, तशाच जोड्या करायच्या आणि आधी पाणी मागायचं. परदेशातली माणसं सरबत देत, कॉफी देत, आणि आमची पोरं नळाच्या पाण्यासाठी हटून बसत. ते ऐकून आम्ही दोघी हसून बेजार व्हायचो. मेघा त्यातल्याच एका पोराची लेक. मेलबर्नमध्ये वाढलेली, मराठी घरापुरतीच, पण हट्टानं सुलोचनाची नात शोभेल अशी.

त्या शेवटच्या संध्याकाळी मोहिमेचं पुढं काय करायचं ते ठरवायला सुलोचनाच्या पुढल्या खोलीत आम्ही जमलो होतो आणि परदेशातली पोरं फोनच्या पडद्यावर होती. एका मोठ्या संस्थेनं मोहीम चालवायला घ्यायची तयारी दाखवली होती. पगारी माणसं, फोनवरून देणगी, सगळं व्यवस्थित. मेघा म्हणाली, "आजी, इथं लोक दारच उघडत नाहीत. तुमच्याकडं पण बिल्डिंगचा वॉचमन आत सोडत नाही. फोनवर मात्र सगळे देतात. जास्त मुलं शिकतील ना?" तिचं खोटं नव्हतं. पण माझा पारा चढला. "उंटावरून शेळ्या हाकू नकोस! त्यापेक्षा मोहीम मानानं बंद करा." मग सगळेच बोलायला लागले. सुलोचना भिंतीला टेकून ऐकत होती. छातीचं दुखणं जुनं, त्या दिवशी जरा जास्तच थकलेली दिसत होती. गलका थांबल्यावर तिनं मेघाला एवढंच विचारलं, "तुझ्या शेजारच्या घरात तू पाणी पिलीस का गं कधी?" मेघा म्हणाली, "तिथं कोण राहतं तेच माहीत नाही, आजी."

"मग ठरलं," सुलोचना म्हणाली. "पैशाचं काम संस्थेला देऊन टाका, पोरांची शाळा अडायला नको. दारावर आपण जाऊ. पण मागायचं काय नाय. नुसतं पाणी प्यायचं, अन् त्यांना आपल्याकडं बोलवायचं."

सगळे बुचकळ्यात पडले. जन्मभर मागत हिंडलेल्या बाईनं मागणंच काढून टाकलं होतं! बाकीचे गेल्यावर मी तिच्याशी भांडले. "सुले, पैशाचं निमित्त होतं म्हणून माणसं दार उघडत होती. नुसतं पाणी प्यायला कोण कुणाकडं येतंय?" ती हसली. "वेडी हायस. येतील की. उशिरानं येतील, पण येतील." हेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

ती गेल्यावर मी रोज तिच्या घरी जाऊन बसत होते. पुढल्या खोलीत दाराशेजारी एक स्टूल आहे. त्यावर तांब्या आणि दोन पेले ती कायम भरून ठेवायची, आणि सवयीनं तिचा मुलगाही ठेवत होता. पण मयताच्या घरी कोण पाणी पितं? माणसं येत, टेकत, उठून जात. तांब्या भरलेला तो भरलेलाच. एके दुपारी रिक्षा थांबली आणि सुनेचा हात धरून एक म्हातारी उतरली. पाठीत वाकलेली, मी ओळखलंच नाही. फोटोपुढं हात जोडून ती खाली बसली आणि म्हणाली, "पिवळ्या दारातली मी." मी उठायला लागले, तर म्हणाली, "आधी पाणी दे."

सून कानाशी लागली, "आई, मयताच्या घरी..." काकू म्हणाल्या, "तू गप." मी पेला भरून हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला. निम्मं पाणी पदरावर सांडलं, पण तळाशी थेंब ठेवला नाही. मला रडू आवरेना. पेला पुढं करून त्या म्हणाल्या, "अजून दे." मी त्यांचा पेला भरला, आणि दुसरा माझ्यासाठी. आम्ही दोघी पाणी पीत बसलो.

सुले, मोहिमेचा दिवस अजून लांब आहे. पण आली गं... नुसतं पाणी प्यायला आली.