मोगऱ्याच्या पायावरचा भंडारा

आमचा देव खंडेराव स्वतः घोड्यावर बसतो, तरी त्याला घोड्याचं दुखणं कळू नये, याचा मला फार राग आला होता. मोगरा आमची पांढरी घोडी. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, आता सुरतला कोसाडमध्ये राहतो. लग्नाच्या वरातीला घोडी नेणं हा आमचा धंदा. शिंगरू होती तेव्हापासून मी तिला वाढवलेलं. पत्रा लागून तिच्या मागच्या पायाला जखम झाली आणि काही केल्या भरेना. आमच्यात लेकराला खरचटलं तरी आधी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी पुढे येते. तसं मीही रोज जुन्या थरावर नवा थर देत गेले. वरून पिवळंधमक, आतून घाण वास. कडेनं लाल मांस वर आलं, माशा हटेनात, मोगरा पाय टेकेना. पाय गेला की घोडी गेली, एवढं मला कळत होतं.

चंपाषष्ठीला आम्ही तिला लंगडत लंगडत वस्तीतल्या देवळासमोर नेलं. मी हात जोडले खरे, पण भांडलेच. भंडारा तुझा, वाहन तुझं, मग गुण का येत नाही? भंडाऱ्याची मूठ भरून मी वाकले, तोच एक गाडी थांबली. आतल्या बाई बारडोलीचा रस्ता चुकल्या होत्या. रस्ता विचारता विचारता त्यांची नजर मोगऱ्याच्या पायाकडे गेली आणि त्या खाली उतरल्या. गुरांच्या डॉक्टर होत्या.

“बेन, आ शुं लगाव्युं छे?” त्यांनी विचारलं. काय लावलंय ते मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. हिंदीत म्हणाल्या, “हल्दी की पपड़ी के नीचे मवाद भरा है। पहले इसे धोना पड़ेगा। भंडारा माथे पे लगाओ ना!”

माझे मालक आडवे आले. “देवना भंडारा शे, पुसू नको वं!”

मीही भंडाऱ्याची मूठ आवळून धरली. देवाच्या दारात देवाचाच भंडारा पुसायचा? पण मोगऱ्यानं मान वळवून माझ्या खांद्यावर टेकवली. मी मूठ तिच्या कपाळावर उधळली आणि म्हटलं, “आता तुझं तू बघ, देवा.” तेव्हा मालकांनीच ‘येळकोट येळकोट’ म्हणत मिठाच्या कोमट पाण्याची बादली आणली. खपली भिजून निघाली, पू वाहिला. माशांमुळे जखमेत किडे झाले असावेत, म्हणून बाईंनी त्यावरचं औषध दिलं, पट्टी बांधली आणि रोज धुवायची रीत शिकवली. वाढलेलं मांस कापायला त्या पुन्हा आल्या. पहिल्याच दिवशी पैशाचं विचारलं, तर त्यांनी प्रसादाचं वांग्याचं भरीत मागून घेतलं.

जखम भरायला बराच काळ गेला. मध्ये माझा धीर सुटायचा, वाटीकडे हात जायचा. मग मी मोगऱ्याच्या कपाळाला भंडाऱ्याचं बोट लावून बादली उचलायची. आता पायावर नुसता केस नसलेला डाग आहे आणि मोगरा चारही पायांवर वरातीत नाचते.

बाईंचा रस्ता कुणी चुकवला, हे मी कुणाला पटवत बसत नाही. मला एवढंच कळलं, स्वतःचा भंडारा पुसला जाताना देवाला काही वाटलं नाही. मूठ सुटत नव्हती ती माझी.